गवताची विल्हेवाट

"कापलेलं गवत आमच्या कचऱ्यात टाकायचं नाही. घरी न्या, खा, काहीही करा," असं म्हणत सोसायटीचे सेक्रेटरी वाकणकरसाहेब यांनी सगळ्यांसमोर मला लॉनच्या कामावरून काढलं.

मी खाऊन पाहिलं. जमलं नाही. मग माझ्याकडे असलेल्या इतर लॉनचं गवत रोज त्यांच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर ओतू लागलो आणि एक गाय आणून उभी केली.

आठवडाभरात तिथे हळदकुंकू घेऊन रांग लागली. साहेबांनी गाडी काढायला हॉर्न वाजवला, तर शेजारच्या काकू खेकसल्या, "अहो, गोमाता जेवतेय! रिक्षाने जा!"

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "बाबा रे, उद्यापासून कामावर ये, पण ती गाय हलव."

"लगेच हलवतो, साहेब. ट्रस्टची परवानगी तेवढी घ्या."

"कसला ट्रस्ट?"

"गोमातेचा. घरातच विचारा, वहिनी अध्यक्ष आहेत."