गोल ओठ

डॉक्टरच्या हातात माणसाचा जीव असतो, असं जगभर मानतात. सौदीतल्या दम्मामच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मात्र तो ओठांत असतो असं ठरलं होतं, आणि डॉ. पद्मिनी सरनोबत यांचे ओठ पुरेसे गोल होत नव्हते.

"अगेन," समोर बसलेले डॉ. ॲलन म्हणाले.

पद्मिनीने शीळ घालायला काढावेत तसे ओठ पुढे काढले आणि पुन्हा एकदा 'वूंड' म्हटलं. लहान मुलांची डॉक्टर म्हणून तिने पुष्कळ जखमा पाहिल्या होत्या, पण जखमेचं नुसतं नाव घ्यायला एवढा घाम कधी फुटला नव्हता.

उच्चारांची ही शेवटची परीक्षा. पास झालं तर करार पुढे चालू, नाही तर खलास. आणि करार म्हणजे नुसती नोकरी नव्हे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तिच्या नोकरीवर निघालेला. नवरा अनुराग तिच्या इकाम्यावर, मुलगी सुरुचीही तिच्याच इकाम्यावर. करार संपणार ऑक्टोबरात. सुरुचीची दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. परत गेल्यावर अर्ध्या वर्षात कोल्हापूरची कुठली शाळा पोरीला दारात उभं करणार होती?

हॉस्पिटलने काढलेला उच्चारांचा वर्ग उन्हाळाभर चालला होता. इजिप्तचे डॉ. हानी 'प'चा 'ब' करत. त्यांचा पेशंट कायम बेशंट. फिलिपिनो नर्स 'फ'चा 'प' करत. त्यांचा फीवर कायम पीवर. पद्मिनीने व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही एकाच 'व'त बिऱ्हाड करून दिलं होतं. वॉर्डात बेशंटला पीवर आला की औषध अचूक आणि वेळेवर पोचायचं. सगळ्यांचं सगळ्यांना कळायचं. पण ते कळणं अशुद्ध होतं, म्हणून वर्ग.

शिकवायला डॉ. ॲलन. स्कॉटलंडचे, मोठे कन्सल्टंट. ते वर्गात काय बोलतात हे कुणालाही कळत नसे, आणि त्यावरूनच त्यांचं इंग्रजी किती अस्सल आहे हे सगळ्यांना पटलेलं होतं. हानी मान डोलवत. हानींची डोलली की पद्मिनीही डोलवत असे.

उरलेला सराव घरी, ओट्यापाशी. अनुराग सांगलीतली बँक सोडून बायकोमागे आला होता आणि आता पोळ्या बऱ्या लाटत होता.

"वांगं शिजून लगदा झालं," तो म्हणायचा, "पण तुझा डब्ल्यू अजून कच्चाच गं."

"मम्मा, प्लीज," सुरुची कपाळाला हात लावायची. "माझ्या फ्रेंड्ससमोर असं तोंड नको हं करू."

"मग कसं करू? दाखव की."

"आय डोन्ट नो. नॉर्मल लोक करतात तसं."

एकदा मात्र तिने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "बोर्ड मी इथेच देणार ना?"

पद्मिनीने ओठ चांगले गोल केले. "वी विल," ती म्हणाली. पोरगी खुदकन हसली. आईचा एखादा उच्चार उपयोगी पडल्याची नोंद करायची तर तेवढीच.

आता डॉ. ॲलननी खुर्चीत पुढे सरकून काहीतरी विचारलं. लांबलचक होतं, आणि शेवटी आवाज चढला त्यावरून तो प्रश्न असावा.

"पार्डन?" पद्मिनी म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आणखी भरभर.

"सॉरी सर, वन्स मोअर?"

त्यांनी आणखी एकदा विचारलं. आता चौथ्यांदा विचारायला लावणं बरं दिसलं नसतं. पद्मिनी अदबीने "यस" म्हणाली.  डॉ. ॲलननी कागदावर बारीक अक्षरात काहीतरी खरडलं.

निकाल लागला. पद्मिनी नापास. कारण उच्चार नव्हे. उच्चार सुधारले होते म्हणे. इंग्रजी समजण्याची क्षमता कमी पडली.

एचआरमधला यासिर सुदानचा, भला माणूस. त्याने आधी चहा मागवला. वाईट बातमी असली की तो चहा मागवतो, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं.

"मार्चपर्यंत तरी राहू द्या," पद्मिनी म्हणाली. "मुलीची परीक्षा आहे."

"सिस्टिम तारीख घेते, दोक्तोरा. कारण घेत नाही."

"यासिर, खरं सांगा. माझं बोलणं कळत नाही, असं एका तरी आईने कधी सांगितलं?"

"वल्ला, देवाशपथ, एकीनेही नाही. माझी बायको पोरांना तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला दाखवत नाही."

"मग माझं बोलणं तुम्हाला कळतंय ना?"

"सगळं कळतं. त्याचंच वाईट वाटतं."

पद्मिनीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. घरी जाऊन सुरुचीला काय सांगायचं, ते तिला मराठीतसुद्धा जुळवता येईना.

"मग हा वर्ग काढलात तरी कशाला?"

यासिरने उठून दार लोटलं.

"ते डॉ. ॲलनमुळे. त्यांचं बोलणं पेशंटना कळेना. रोज तक्रारी. करार पाच वर्षांचा, त्यामुळे त्यांना घालवताही येईना. शेवटी वरच्यांनी त्यांना ओपीडीतून उठवलं."

"आणि?"

"आणि काय? पगार चालू होता, माणूस रिकामा कसा बसवायचा? मग वर्ग काढला."