तळाचा साका

जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या टाकून उकळलेल्या जवाच्या काढ्याला एलिंगने बिअरसाठी विरजण लावलं आणि पिंप अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली उघडंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ढवळताना तळातून उंदीर वर आला, फुगून लिबलिबीत झालेला. एलिंगने तो शेपटीला धरून कुंपणापलीकडे भिरकावला आणि त्याच पिंपात आपला प्यायचा मग बुडवून तोंडाला लावला.

"फियोर्डच्या खाडीतले मासे काय अंघोळ करून येतात?" मिशीवरचा फेस पुसत तो म्हणाला.

त्याची बायको वाल्बोर्ग किंचाळली, "शी! मेल्या, ओतून दे ते सगळं, आत्ताच्या आत्ता! तुझ्या हातच्या बिअरचा थेंबसुद्धा आता माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

महिन्याभराने शेजारच्या सोल्वाईच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला वाल्बोर्गने दोन मग रिचवले. तिसरा भरून घेताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सोल्वाईताई, बिअर असावी तर अशी! स्वच्छ हाताची!"

सोल्वाई खुलली.



"अगं, तुझीच कृपा! आमचं विरजण नासलं होतं. तू पिंप ओतायला लावलंस, तेव्हा तळाचा साका मीच विरजणाला म्हणून बरणीत भरून आणला."