पोह्यांवर वीस टक्के सूट

देवाच्यान सांगते, शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी गळून पडो!

माझा भाचा दिगंबर. घराखाली वाण्याचं दुकान, पण हा दीडशहाणा कूपनं शोधून किराणा मोबाइलवरूनच मागवणार. त्याच्या लेकीला, ऋचाला बघायला पाहुणे येऊन बसले, तरी कांदेपोह्यांसाठी घरात पोहेच नाहीत. "वीस टक्के सूट आहे, मावशी. थांब जरा!" अखेर पिशवी आली. आत सात झाडू! पोहे म्हणे संपले, आणि घरपोच फुकट मिळावं म्हणून यानेच सोबत झाडू मागवलेले.

दिगंबरला घाम फुटला. तेवढ्यात नवरामुलगा खिशातून मोबाइल काढून म्हणतो, "काका, माझ्याकडे तीस टक्क्यांचं कूपन आहे. मी मागवतो!"

ऋचा ताडकन उठली. "एक कूपनवाला जन्माला पुरला मला. हे स्थळ नको!" मी तिथंच तिची दृष्ट काढली.

बरं बाई, एवढं एक पदरचं घातलं. कसली उठतेय ती! मान खाली घालून लाजत म्हणाली, "तीसच? माझ्याकडे चाळीसचं आहे." तिथंच जमलं मेल्यांचं!