विचारांची खोली

“कडी बाहेरून होती,” थोरली म्हणाली. “माझी पोर आत आणि कडी बाहेर!”

मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे मान हलवली. कुणी पंख्याच्या आवाजाची तक्रार केली असती तरी त्यांनी ती तशीच हलवली असती.

“ती शिक्षा नाही. आम्ही तिला विचारांची खोली म्हणतो. मूल फार रडायला लागलं की थोडा वेळ एकटं बसतं आणि शांत होतं.”

“अंधारात?”

“दिवा असला की मुलांचं मन एकाग्र होत नाही.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लेकीचा नवा चष्मा तयार झाला म्हणून दुपारच्या सुट्टीत तो द्यायला ती शाळेत आली, तर वर्गात लेक नव्हती. ‘येईलच एवढ्यात’ असं म्हणून वर्गातल्या बाईंनी वेळ मारून नेली. तेवढ्यात जिन्याखाली जिथे खेळाचं सामान ठेवतात, त्या खोलीतून हुंदके ऐकू आले. कडी काढली तेव्हा लेक चटयांच्या ढिगाला टेकून मुटकुळं करून बसली होती. दारात कोण उभं आहे हे तिला दिसलं नाही. “माझा विचार करून झाला, बाई,” ती म्हणाली.

“पटत नसेल तर दाखला न्या,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “तुमची जागा घ्यायला बाहेर पुष्कळ पालक थांबलेत.”

“नेतेच. आणि त्या सगळ्यांना सांगूनच जाते.”

“अवश्य सांगा.” बाईंनी हसून स्वतः दार उघडून धरलं.

लेकीचा हात घट्ट धरून थोरली बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली. समोरच्या कोचावर तिची धाकटी जाऊ बसली होती. केस चापूनचोपून बसवलेले, मांडीवर कागदांची पिशवी, शेजारी इस्त्रीच्या फ्रॉकमधली तिची पोर चिमी. धाकटी प्रवेशासाठी आली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

दोघींमधून विस्तव जात नसे. घरात चार माणसं जमली की थोरली या शाळेचं पुराण लावायची. इथल्या बाई आवाज चढवत नाहीत, इथली मुलं कशी गुणी, कशी शांत! एकदा तर सगळ्यांदेखत ती धाकटीला म्हणाली होती, “तुम्हाला नाही झेपायचं हे.” तेव्हापासून धाकटीनं मनाशी खूणगाठ बांधली असावी. आणि गेले काही महिने लेक रात्री दचकून उठत होती, तरी थोरलीनं शाळेवर संशय घेतला नव्हता. घेतला असता तर धाकटीपुढे नाक खाली झालं असतं ना! स्वतःच्या पोरीपेक्षा तिला स्वतःचं नाक मोठं वाटलं होतं. हे आत्ता कळलं आणि तिला स्वतःची किळस आली.

तरीही पहिला विचार आला तो वाईटच. घालू दे हिला. जिरेल चांगली.

“मोठी आई!” चिमी धावत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. दिवा मालवला की ही पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. धाकटी दवाखान्यात होती तेव्हा थोरलीच चिमीच्या उशाशी बसली होती, तिच्या मुठीत आपलं बोट देऊन.

नाकाचं काय व्हायचं ते होवो.

“हिला इथे घालू नकोस,” ती धाकटीला म्हणाली. “मी चुकले. इथे मुलांना अंधारात कोंडतात. माझ्या पोरीला आत्ता मी बाहेर काढलं.”

धाकटीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “असं?”

“खोटं वाटत असेल तर विचार हिलाच.”

धाकटी वाकली. “काय गं बाळा, कशी आहे तुझी शाळा?”

लेकीनं मान वर केली. नवा चष्मा घातल्यामुळे तिला आता सगळं स्पष्ट दिसत होतं. दार धरून मुख्याध्यापिकाबाई अजून तिथेच उभ्या होत्या. अजूनही हसत होत्या.

“मला शाळा खूप आवडते,” लेक एका दमात म्हणाली.

“अगं, ती घाबरलीय!” थोरलीचा आवाज चिरकला. तिनं धाकटीचा दंड धरला. आजवर कधी धरला नव्हता. “पाया पडते तुझ्या. आपलं भांडण आपल्यापाशी. चिमीला नको गं इथे घालू!”

धाकटीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. मग चिमीला जवळ ओढलं, तिचा फ्रॉक नीट केला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी धरलेल्या दाराकडे निघाली. उंबऱ्यात क्षणभर थांबून तिनं मागे वळून पाहिलं. एवढं समाधान तिच्या चेहऱ्यावर थोरलीनं कधीच पाहिलं नव्हतं.

“खरं सांगू, जाऊबाई? तुम्ही या शाळेचं गुणगान करायचात ना, तेव्हा मला शंकाच यायची. आज तुम्ही चिमीला अडवताय म्हटल्यावर खात्री पटली.”