रविवारचा डाव

"डोकं खाली घे," पेगी म्हणाली. "आणि ती लाल टोपी काढ आधी."

एफीनं टोपी काढली नाही. वाळूच्या टेकाडाआड बसल्या बसल्या तिनं चेंडूवरचा चिखल स्कर्टला पुसला. "वारा बघ कसला सुटलाय," ती म्हणाली. "टोपी काढली तर कान जातील माझे."

रविवारची सकाळ होती. बेटावरची सगळी माणसं चर्चमध्ये होती आणि समुद्रकाठच्या गोल्फच्या मैदानाचं फाटक दर रविवारसारखं साखळीनं बांधलेलं होतं. देवाच्या त्या दिवशी बेटावर कुणी दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नसे. तिथे दोन बायकांनी चेंडू टोलवत हिंडायचं, म्हणजे विचारायलाच नको.

पेगी विधवा. नवरा, इयन, गेल्यापासून ती घरी लोकरीचं कापड विणायची. सोमवार ते शनिवार मागाला जुंपलेली. एफी बेटावरची नर्स. आठवडाभर सायकलवरून घरोघर फिरायची. कुठे बाळंतपण, कुठे जखम. शाळेपासूनच्या या मैत्रिणींना एकमेकींच्या वाट्याला यायला उरायची ती रविवारची सकाळ. गोल्फचा विषय एफीनंच काढला होता. पेगी हो म्हणाली, पण कुणाला कळता कामा नये या अटीवर.

आणि प्रत्येक वेळी कळत होतं.

पहिल्यांदा खेळल्या, त्याच संध्याकाळी टॉर्मॉड दारात येऊन उभा राहिला. टॉर्मॉड म्हणजे पेगीचा थोरला दीर, चर्चच्या पंचांपैकी एक. आत ये म्हटलं तरी आला नाही. इयनला काय वाटलं असतं, एवढंच विचारून गेला. मग त्या दोघी उजाडायच्या आत खेळून आल्या. तेही न्याहारीच्या वेळेपर्यंत टॉर्मॉडला ठाऊक झालं होतं.

पेगीचा संशय शेजारच्या मुरडॅगवर होता. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट मैदानावर उघडायची. पेगीनं तिच्याशी बोलणं टाकलं. मुरडॅगनं घरच्या कोंबड्यांची अंडी पाठवली, ती तशीच परत धाडली. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस, असं एफीनं सांगून पाहिलं. पण पेगी ऐकेना.

गेल्या आठवड्यात टॉर्मॉडनं शेवटचं बजावलं होतं. आता खेळलीस तर चर्चमधून नाव कापलं जाईल. नाव कापलं की प्रभुभोजनाला बसायचं नाही, दुकानात शेजारी कुणी उभं राहायचं नाही, आजारात उशाशी कुणी प्रार्थनेला यायचं नाही. पेगी आठवडाभर मागावर बसून त्याच विचारात होती. इयननं जन्मभर रविवार पाळला, आणि समुद्रानं त्याला नेलं ते सोमवारी. शनिवारी संध्याकाळी तिनं गोल्फच्या काठ्या घोंगडीत गुंडाळून ठेवल्या.

या वेळी त्या मुरडॅगच्या खिडकीवरून आल्याच नाहीत. किनाऱ्याकिनाऱ्यानं, शेवाळावरून घसरत आल्या. खेळ चांगला झाला. पेगीचे फटके वाऱ्यालाही जुमानेनात. फक्त एफी मध्येच मोठ्यानं हसायची, आणि पेगी तिला गप्प करायची.

शेवटचा होल चर्चच्या भिंतीखालीच होता. तो सोडून परत फिरू, असं पेगी म्हणाली.

"हे म्हणजे अर्ध्या जेवणावरून उठणं झालं," एफी म्हणाली.

पेगीला ते पटलं. आतून स्तोत्रांचे सूर येत होते. त्यांच्या आडोशानं उरकता येईल, असा तिनं हिशेब केला. पण ती चेंडूपाशी उभी राहते न राहते तोच गाणं मध्येच थांबलं आणि दार उघडलं. काळ्या कपड्यांतली माणसं बाहेर येऊन भिंतीपाशी ओळीनं उभी राहिली. टॉर्मॉड सर्वांत पुढे.

तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. काठी खाली ठेव आणि घरी जा, म्हणाला. आम्ही काही पाहिलंच नाही असं समजू.

पेगीनं किनाऱ्याच्या वाटेकडे पाहिलं. वाट मोकळी होती. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. एकेक चेहरा ओळखीचा होता.

"पाहिलंयत तुम्ही," ती म्हणाली. "पाहिलं नाही असं समजायचं कशाला? उद्या कुणी विचारलं तर सांगा, पेगी खेळत होती."

तिनं चेंडू हलकेच ढकलला. तो होलच्या कडेवरून पुढे निघून गेला. कुणीतरी खाकरलं. पेगी सावकाश वळसा घालून पलीकडे गेली, गवतावरचा खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा मारलं. चेंडू आत पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"तुझं नाव कापावं लागेल, पेगी," टॉर्मॉड म्हणाला.

"काप. चर्चशेजारच्या थडग्यावर इयनच्या नावाखाली माझ्या नावासाठी जागा सोडलीय, ती तेवढी बुजवू नकोस. आता जरा बाजूला हो. एफीचा डाव आहे, तुझी सावली पडतेय."

टॉर्मॉड बाजूला झाला. थोड्या वेळानं एकेक करून माणसं आत गेली.

पेगी गवतावर बसली. त्या ओळीत मुरडॅग कुठेच नव्हती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"ती बुधवारपासून लेकीकडे ग्लासगोला आहे," एफी म्हणाली.

"मग मी उगाच तिची अंडी परत केली. ती आली की जाऊन पाय धरते तिचे." पेगीनं चर्चच्या दाराकडे पाहिलं. "पण मग आजचं यांना सांगितलं कुणी? आजचं तर तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं."

एफीनं आपला चेंडू होलमध्ये टाकला, वाकून बाहेर काढला आणि पेगीकडे पाहिलं.

"मी. प्रत्येक वेळी मीच," ती म्हणाली. "चोरून खेळलो असतो तर ते पाप ठरलं असतं, पेगी. आणि मला पाप करायचं नव्हतं, गोल्फ खेळायचं होतं."