श्वास तेवढा राहिला

हेडफोनमध्ये तीन टोले वाजतात. चौथा वाजत नाही. तो मनात धरायचा आणि त्यावर बोलायचं. लायोनेल बार्डस्लीने अकराव्यांदा तो बरोबर धरला. पडद्यावरच्या म्हाताऱ्याचे ओठ हलले तेव्हा त्याचे हलले, मिटले तेव्हा मिटले.

"जा तू. दार राहू दे उघडं. मला थंडी वाजत नाही."

पडद्यावरचा म्हातारा म्हणजे लायोनेल स्वतःच होता. आवाज मात्र रेतीवरून पेटी ओढत न्यावी तसा आला.

काचेपलीकडून म्युरिएल हॅस्लम म्हणाली, "अप्रतिम, लायोनेल. एकदा परत घेऊ."

चित्रपटाच्या आवाजाचं सगळं काम म्युरिएलकडे होतं, आणि ती शब्द जपून वापरणारी बाई होती. लंडनच्या स्टुडिओत काम जमलं तर 'ठीक' म्हणतात आणि पुढचा तुकडा लावतात. 'अप्रतिम' म्हणजे जमलं नाही. 'केवळ अप्रतिम' म्हणजे जमायची चिन्हं नाहीत. त्याच्या पुढची पायरी चहाची. सकाळपासून सात अप्रतिम आणि चार केवळ अप्रतिम झाले होते, चहा दोनदा.

चित्रण जूनमध्ये झालं होतं. नेमकं या वाक्याच्या वेळी वरून विमान गेलं आणि शब्द बुडाले. बाकी सगळं स्वच्छ होतं, एवढा तुकडा मागाहून भरू म्हणून सोडून दिला. सप्टेंबरात लायोनेलच्या घशातली गाठ काढली, तिच्याबरोबर जुना आवाजही गेला. तोवर सेट मोडून झाला होता. दिग्दर्शकाला आज नेमकं दुसरीकडे निकडीचं काम निघालं होतं. दिग्दर्शकांना अशी कामं अशाच दिवशी निघतात.

लायोनेलचे चित्रपट त्रेपन्न. त्यात बटलर एकवीस, कर्नल नऊ, पाद्री सहा, उरलेल्यांत कोणी दार उघडणारा, कोणी प्रेत ओळखणारा. पडद्यावर त्याला आजवर मूलबाळ नव्हतं. या चित्रपटात पहिल्यांदा मुलगी मिळाली, आणि ती घर सोडून जाताना बोलायचं हे वाक्य. परीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी त्याला कशावरून ओळखायचं ते ठरलं तर याच्यावरून ठरणार होतं. म्हणून आल्या आल्या त्याने म्युरिएलला बजावलं होतं, की लागतील तितक्या वेळा घे, पण वाक्य माझंच राहू दे.

बाराव्या वेळी 'थंडी' हा शब्द निघालाच नाही. नुसती हवा आली.

म्युरिएल आत आली आणि चहा घ्यायचा का म्हणाली.

"नको," लायोनेल म्हणाला. "डेस्मंड पाइकला बोलाव."

म्युरिएलने दाराकडे पाहिलं.

"अगं, जिन्यात भेटला मला. म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडे आलोय. या इमारतीत कुठला दाताचा डॉक्टर?"

डेस्मंड पाइक दुसऱ्यांच्या आवाजात बोलून पोट भरत असे. एखादा नट मध्येच मेला, पिऊन पडला किंवा भांडून निघून गेला, की त्याची राहिलेली वाक्यं डेस्मंडकडे येत. माणूस भला होता. पण तो दिसला की नटमंडळींना आपली तब्येत आठवायची.

"तू सांगायचं होतंस, म्युरिएल."

"कसं सांगणार होते?"

"वीस वर्षं ओळखतेस मला. चहा पाजून तरी सांगायचं नव्हतंस."

डेस्मंड आत आला तो टोपी हातात घेऊन, मयताला आल्यासारखा. मिस्टर बार्डस्ली, माझी काही जबरदस्ती नाही, असं काहीतरी पुटपुटला. लायोनेलने स्वतःचे हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर घातले आणि स्टूल ओढून बाजूला बसला.

तीन टोले पडले. डेस्मंड बोलला. खोलीत लायोनेलचा जूनमधला आवाज उभा राहिला, भरदार, तळघरातून आल्यासारखा. म्युरिएलने मान खाली घातली.

"हुबेहूब," लायोनेल म्हणाला. "पण हा माझा बटलर झाला. पडद्यावरचा बाप आहे. आणि खोटं बोलतोय. त्याला थंडी वाजतेय."

डेस्मंडने परत घेतलं. लायोनेलने मान हलवली. 'थंडी'च्या आधी थांबायचं, असं त्याने सांगितलं. डेस्मंडने विचारलं, तिथे गळा दाटून येतो का?

"छे. चित्रणाच्या दिवशी तिथे शब्द विसरलो होतो मी. लोकांना ते दुःख वाटेल. वाटू दे. तू फक्त विसर."

पाचव्या वेळी डेस्मंड खरोखरच विसरल्यासारखा थांबला. पडद्यावरचा म्हातारा मुलीला म्हणाला, मला थंडी वाजत नाही. लायोनेल स्टुलावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. आपणच बोललो की काय, असं वाटून त्याचा हात एकदा गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ठीक," म्युरिएल म्हणाली, आणि लगेच तोंड फिरवून यंत्रावर वाकली.

डेस्मंड हेडफोन काढू लागला तेव्हा लायोनेलने बोट वर केलं. मुलगी दाराबाहेर जाते, म्हातारा रिकाम्या दाराकडे बघतो आणि एक लांब श्वास सोडतो. विमानाच्या आवाजात तो श्वासही बुडाला होता.

"श्वास राहिला," तो म्हणाला. "त्याला गळा लागत नाही."

म्युरिएलने तुकडा पुन्हा लावला आणि ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा सुरू केला. लायोनेल मायक्रोफोनपाशी गेला. डेस्मंडला बाहेर जायला वेळ मिळाला नाही. तो होता तिथेच, हातभर अंतरावर, टोपी छातीशी धरून उभा राहिला.

तीन टोले पडले. लायोनेलने छाती भरून श्वास घेतला आणि सावकाश, पडद्यावरच्या म्हाताऱ्याबरोबर, सोडून दिला.

लाल दिवा विझेपर्यंत डेस्मंडने स्वतःचा श्वास रोखून धरला होता.