वाळूतलं पान

शेवटच्या होलला मनोरमेचा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे हिरवळीच्या अलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात जाऊन बसला, तेव्हा आनंद झाला तो एकट्या तिच्या सासूला. "बरं झालं," द्वारका मुलाला म्हणाली, "गवतात गेला असता तर हुडकत बसली असती." प्रल्हादने कपाळाला हात लावला. आईला आज पहिल्यांदाच खेळ बघायला आणलं होतं, आणि बायको आज पहिल्यांदाच कपाच्या इतक्या जवळ आली होती.

हा बायकांचा गोल्फचा कप दर वर्षी मुंबईला जायचा. मैदान वसईचं, केळीच्या वाड्यांना लागून. पण कप मुंबईचा. यंदा गेल्या वर्षीची विजेती सुरुची एका फटक्याने मागे होती आणि इथल्याच निर्मळ गावची मनोरमा पुढे. चार वर्षांपूर्वी कुंपणावरून वाडीत आलेला चेंडू परत द्यायला म्हणून ती इथे आली, ती खेळायलाच लागली. "काठीने चेंडू ढकलायला शिकायला कशाला लागतं गो?" असं द्वारका तेव्हापासून विचारत होती. आज मात्र ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती, आणि मनोरमेने ते सकाळीच पाहिलं होतं.

मनोरमा वाळूत उतरली. पाय हलवून हलवून घट्ट रोवले. वाळूतला चेंडू थेट मारायचा नसतो. त्याच्या मागची वाळू मारायची, म्हणजे वाळूच त्याला उचलून बाहेर टाकते. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. चेंडूजवळ बदामाचं एक वाळकं पान पडलं होतं. ती वाकली आणि पान उचललं.

"बघ," द्वारका कौतुकाने म्हणाली. "खेळतानासुद्धा वाफा स्वच्छ ठेवते."

प्रल्हादचा चेहरा उतरला. सकाळपासून मनोरमेने अशी कितीतरी पानं उचलली होती, पण ती हिरवळीवरची. तिथे मुभा असते. वाळूत, त्या काळच्या नियमांप्रमाणे, नव्हती. चेंडू वाळूत आहे तोवर पानाला हात लावायचा नाही, लावला की दोन फटक्यांचा दंड. भाकऱ्या भाजताना ती हे नियम मोठ्याने म्हणायची, म्हणून प्रल्हादला ते ऐकून पाठ झाले होते. पण वाफ्यात उतरलं की हात आधी वाळक्या पानाकडे जातो, आणि वाडीतल्या बाईच्या हाताला नियम कोण सांगणार.

मनोरमा पान हातात धरून उभी राहिली. सुरुची पलीकडे हिरवळीवर बसून उतार बघत होती. पंच जितेंद्र कुणाशी तरी बोलत होते. घरच्या दोघांशिवाय कुणीही पाहिलं नव्हतं. पान खिशात गेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. प्रल्हाद मनातल्या मनात म्हणत होता, गप्प राहा, एवढं एकदा गप्प राहा. मनोरमेला कप हवा होता. फार हवा होता. कपाटावर कुठे ठेवायचा हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

तिने हात वर केला.

"जितेंद्रसर, मी पान उचललं."

जितेंद्र जवळ आले. त्यांनाही कप एकदा वसईत राहायला हवा होता. "मी तर काही पाहिलं नाही," ते हळूच म्हणाले. "वाऱ्याने सरकलं असेल."

"वाऱ्याने नाही. या हाताने."

जितेंद्रांनी मान हलवली आणि दोन बोटं वर केली.

"काय झालं?" द्वारकेने विचारलं.

"दंड झाला. पान उचललं म्हणून," प्रल्हाद म्हणाला.

"कुणी चुगली केली?"

"तिनेच सांगितलं."

द्वारकेने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि सुनेकडे बघत राहिली. घरात इतकी वर्षं बघितली होती, पण अशी नाही.

मनोरमेने स्टिक वाळूला न टेकवता वर नेली आणि मारली. वाळू उडाली, चेंडू अलगद हिरवळीवर उतरला आणि थोडा गडगडून थांबला. सुरुचीने नकळत टाळी वाजवली. मग मनोरमेने खाली बसून उतार पाहिला, उठली, आणि चेंडू एकाच फटक्यात होलमध्ये घातला. तिचा दिवसातला सगळ्यात सुंदर होल तो हाच. सुरुचीने घाई न करता दोन फटक्यांत आपला चेंडू आत घातला आणि एका फटक्याने कप मुंबईला गेला.

मनोरमेने सुरुचीशी हात मिळवला, दांताळं घेतलं आणि परत वाळूत उतरून आपल्या पावलांच्या खुणा सारख्या करू लागली. तिचे डोळे भरले होते, पण हात नीट चालला होता.

टाळ्या ऐकून शेजारच्या वाडीतली फ्लॉसी कुंपणापाशी आली. मैदानात कप वर धरून उभी असलेली बाई तिला लांबून ओळखू येईना.

"द्वारकाबाई, ती कप घेतलेली तुमची सून काय?"

"नाही," द्वारका म्हणाली. आवाज इतका मोठा होता की पंचांनीसुद्धा वळून पाहिलं. "कप घेतला ती मुंबईची. कुणी बघत नसताना हात वर केला, ती माझी."